पेडण्यात पडलेला बर्फ

पेडण्यात एकदा बर्फ पडला. याला लेखी पुरावा आहे, तोही इंग्रजीत, आणि तो मीच तयार केलेला आहे. नोकरीतला एखादा अनुभव लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दुसरेच दोन-तीन प्रसंग आठवून ठेवले होते. त्यांत मी बरी दिसते. पण ते लिहायला बसले की मध्येच हा बर्फ येतो. तेव्हा तोच लिहिते.

मी डिचोलीची. वडील मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. हातात पाना नसेल तेव्हा त्यांच्या हातात पत्रक असायचं. कामगारांची पत्रकं, धुळीविरुद्धची पत्रकं, ट्रकांच्या वेगाविरुद्धची पत्रकं. मला बाराखडी पाटीवर शिकवली गेली, पण वाक्य मी पत्रकांवरूनच शिकले. त्यामुळे माझ्या शाळेतल्या निबंधात गाय हा उपयुक्त पशू नसे, ती मालकाच्या अन्यायाने पिचलेली असे. बाईंनी एकदा शेरा मारला होता, "निबंध चांगला, पण गायीला एवढा राग येत नाही."

तो राग घेऊन मी पेडण्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, विमानतळावर नोकरीला लागले. विमानाला लागणारी शिडी, सामान, बस, सफाई ही जमिनीवरची सगळी कामं विमान कंपन्यांसाठी करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत. माझं टेबल 'उशिराचं' म्हणून ओळखलं जातं. ते काय असतं ते सांगते.

विमान वेळेवर सुटलं तर कुणी काही विचारत नाही. उशिरा सुटलं की प्रत्येक मिनिटाला मालक लागतो. इंधनवाला उशिरा आला, तेवढी मिनिटं त्याची. प्रवासी दुकानात रेंगाळला, ती प्रवाशाची. हे सगळं एका तक्त्यात भरायचं. त्यात 'कारण' नावाचा रकाना असतो, आणि दर सोमवारी सकाळी सगळ्यांना बसवून त्या रकान्यावर भांडण होतं. मिनिटं म्हणजे तापलेला टोप, जो तो फडकं न घेता शेजाऱ्याच्या हातात देतो. या भांडणात सगळ्यांचं आवडतं कारण एकच, हवामान. पाऊस, धुकं, बर्फ. आकाशावर कुणी नोटीस बजावू शकत नाही, आणि हवामान म्हटलं की अडकलेल्या प्रवाशांना द्यायची भरपाई बरीचशी टळते. म्हणून हिवाळा आला की आमच्याकडे ऊन पडलेलं असतं आणि कागदावर मात्र जगभराचा बर्फ येऊन पडतो.

थंड देशांतून पर्यटकांना घेऊन खास विमानं येतात. तेच विमान इथे उतरतं, जुने पर्यटक भरतं आणि परत जातं. म्हणजे तिकडून यायला उशीर झाला की इथून जायलाही उशीर. गेल्या हिवाळ्यात अशाच एका विमानाची सकाळी वाट पाहत तीनशेच्या आसपास माणसं बसली होती. उन्हाने लाल झालेली, पायांत अजून किनाऱ्याची वाळू असलेली. त्या विमान कंपनीचे इथले मॅनेजर पुण्याचे. बोलायला गोड, टाय कधी सैल नाही. त्यांनी मला चिठ्ठी दिली, "बर्फवृष्टीमुळे विमानास विलंब. एक फूट बर्फ." मी माइकवर सांगितलं.

तासाभराने दुसरी चिठ्ठी आली. दोन फूट. पुढच्या तासाला तीन.

मी विचारलं, "सर, तिकडे अजून पडतोय का?"

"लोक कंटाळलेत," मॅनेजर म्हणाले. "एक फुटावर त्यांचा राग आवरत नाही."

तेवढ्यात बाकावरची एक म्हातारी बाई माझ्या टेबलाशी आली. तिने घरी मुलाला फोन केला होता. तिने दोन बोटं एकावर एक आडवी धरली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "बर्फ एवढा. याला आमच्याकडे बर्फ म्हणत नाहीत. धूळ म्हणतात."

मी तिन्ही चिठ्ठ्या खणात ठेवल्या. पत्रकवाल्याच्या घरातली सवय, लेखी काही टाकायचं नाही.

विमान तीन तास उशिरा उतरलं. आता ते झटपट परत पाठवायचं तर आणखी पन्नास मिनिटं गेली. त्याला कारणं दहा होती, पण त्यांतलं एक नामदेवदादांचं होतं.

नामदेवदादा दोडामार्गाकडचे. कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनला मासे आणतात. टेम्पोत बांगड्यांच्या पेट्या आणि वर बर्फाच्या लाद्या. सड्यावरच्या त्या उघड्या, तापलेल्या माळावर दुपारी एक वाजता आमटीच्या वासाने माणसं जी चालत सुटतात, ती नामदेवदादांच्या जिवावर. त्या दिवशी मालाच्या गेटपाशी वळण घेताना टेम्पोचं मागचं फळकं सुटलं आणि एक लादी रस्त्यावर पडून फुटली. मागून वैमानिकांना घेऊन येणारी बस होती, ती थांबली. आमची सफाईवाली शेवंतीबाय झाडणी घेऊन आली, तुकडे बाजूला लोटले, बस गेली. एवढंच. गेटवरच्या पेडण्याच्या रखवालदाराने कर्तव्य म्हणून वहीत लिहिलं, "गेटजवळ बर्फ पडला. वाहतूक थांबली. सफाई करून रस्ता मोकळा केला."

यात एक शब्दही खोटा नाही.

संध्याकाळी मॅनेजरांना त्या पन्नास मिनिटांना मालक हवा होता. त्यांनी गेटच्या वहीचा फोटो मला पाठवला, "याचं इंग्रजी करून लगेच दे." मी सकाळपासून माइकवर बर्फ, बर्फ, बर्फ करत होते. डोक्यात तोच. आपल्या भाषेचं औदार्य असं की आकाशातून पडतो तोही बर्फ आणि बांगड्यावर ठेवतात तोही बर्फ. इंग्रजीत हे औदार्य नाही, तिथे आकाशातला स्नो आणि लादीचा आइस असे दोन शब्द आहेत. मला आइस लिहायचं होतं. मी लिहिलं, "स्नोफॉल निअर कार्गो गेट. ट्रॅफिक स्टॉप्ड. रोड क्लिअर्ड बाय स्टाफ." पाठवलं आणि डिचोलीची बस पकडली.

मॅनेजरांनी न वाचता पुढे ढकललं. त्यांच्या मुख्य कचेरीत ते वाचणारा माणूस थंड देशातला. विमानतळावर बर्फ पडतो यात त्याला काही नवल वाटलं नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे बर्फ हटवण्याची यंत्रं आहेत का?"

मॅनेजरांना वाटलं हा लादीबद्दल विचारतोय. त्यांनी उत्तर दिलं, "नाहीत. एका महिला कर्मचाऱ्याने झाडूने हटवला."

तिकडून शेवंतीबायच्या शौर्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. मी खोटं सांगत नाही. ते पत्र तिच्या घरी फ्रेममध्ये आहे, देवाच्या शेजारी. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्सां झाडतंय, घरच्यांनी कधी बरा म्हटला नाय."

चार दिवस दोन्ही टोकांना बर्फ होता आणि सगळे सुखात होते. मग पर्यटकांच्या एका एजंटाने तक्रार केली. त्याच्या गिऱ्हाइकांनी त्याच सकाळी इथून जवळच्या हरमलच्या समुद्रात अंघोळ करताना काढलेले फोटो त्याने जोडले होते. मुख्य कचेरीत आधी हशा झाला, मग संताप. इथला बर्फ खोटा म्हटल्यावर तिकडच्या तीन फुटांवरही कुणी विश्वास ठेवेना. मॅनेजर घाबरले. घाबरलेला माणूस खाली बघतो, आणि खाली नामदेवदादा होते. तीन तास पन्नास मिनिटं, सगळीच्या सगळी, एका मासेवाल्याच्या हलगर्जीपणावर टाकून त्यांनी अहवाल दिला. चौकशी होईपर्यंत नामदेवदादांचा गेटपास जमा झाला.

पास म्हणजे गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं कार्ड. पण त्याच्यावर हलगर्जीपणाचा शिक्का पडला की तो पुन्हा मिळत नाही. इथे नाही, दुसऱ्या कुठल्या मोठ्या गेटवरही नाही. नामदेवदादा रोज सकाळी गेटच्या बाहेर टेम्पो लावून उभे राहत. वीस वर्षांची गिऱ्हाइकं सोडून त्यांनी हे काम धरलं होतं. मी दिसले की हाक मारत.

"बाय, माझ्या एका लादयेन इमान चार तास अडावला म्हणतत. मगे उद्या मी दोन लादये टाकलंय तर सूर्य उगवाचो नाय."

मी हसले नाही. मला लढा सापडला होता. वडिलांच्या जुन्या टेबलावर बसून मी पत्रक लिहिलं. मथळा, "बर्फ कोणाचा? बळी कोणाचा?" आत बड्या कंपन्या, तीन फुटांची थाप, श्रमिकाच्या गळ्यातला पास. शेवटी सवाल चार. मला ते इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी नामदेवदादांना गेटबाहेर वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "बरा आसा. पण ह्या वाचून पास सोड, माका फाशी देतले."

संध्याकाळी वडिलांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"लिवलंस बरा," ते म्हणाले. "कंपनी आसा, मॅनेजर आसा, नामदेव आसा. ह्यात तू खंय आसस?"

"मी कशाला असेन?"

"आकाशातलो बर्फ पेडण्यात हाडलो कोणी?"

हे मी त्यांना आदल्या आठवड्यात गंमत म्हणून सांगितलं होतं, भाषांतराची फजिती म्हणून. तोवर ती गंमतच होती. त्यांनी पत्रकाची घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. रागावले असते तर मी भांडले असते. ते उठून कोंबड्यांना खुराड्यात घालायला गेले.

माझी नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती. कबूल केलं तर माझाही पास जाईल, हे मला कळत होतं. दोन दिवस मी पत्रकामागे लपले होते, हेही कळलं. पत्रकाची मागची बाजू कोरी असते, लपायला सोयीची.

सकाळी मी आधी नामदेवदादांना सांगितलं. ते टेम्पोच्या पायरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं, मान खाजवली.

"म्हणजे माझ्या लादयेचो तू स्नो केलंस?"

"हो."

"इंग्लिश शाळेत शिकान?"

"मराठी शाळेत शिकून."

रिक्षा गेल्या, कॅन्टीनचा पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आत गेला. मग नामदेवदादा म्हणाले, "मगे तो तुकाच वितळवचो लागतलो."

सोमवारच्या बैठकीला चौकशी अधिकारी म्हणून विमानतळाच्या एक मॅडम आल्या होत्या. वाळपईच्या, बोलायला तुटक, समोर वही आणि मनगटावर मोठं घड्याळ. बैठकीत नामदेवदादांना बोलावलं होतं. ते स्वच्छ शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. शेजारी शेवंतीबाय, अभिनंदनाचं पत्र घेऊन.

मॅनेजरांनी अहवाल वाचला. मी हात वर केला. आवाज नेहमीचा माइकवरचाच आला. "पेडण्यात बर्फ मी पाडला," मी म्हटलं. "वहीत होता तो लादीचा बर्फ. मी चुकीचं भाषांतर केलं. नामदेवदादांनी काही केलेलं नाही."

मॅनेजर लगेच म्हणाले, "झालं तर. म्हणजे जबाबदारी हिची."

"किती मिनिटांची?" मॅडमनी विचारलं.

मॅनेजर म्हणाले, "सगळ्या."

"हिने भाषांतर केलं तेव्हा विमान जाऊन किती तास झाले होते?"

मागे कुणीतरी हसलं. इंधनवाला असावा, त्या दिवशी त्याच्या नावावर एकही मिनिट नव्हतं. मी तिन्ही चिठ्ठ्या मॅडमपुढे ठेवल्या. एक फूट, दोन फूट, तीन फूट, तासातासाच्या. दोन बोटं दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईचंही सांगितलं.

मॅडमनी मॅनेजरांकडे पाहिलं. "हा बर्फ वाढलाच कसा?"

नामदेवदादांना राहवेना. ते उठले. "साहेब, रागाव नकात. माझी लादी एवढी." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "आता तुमचो बर्फ केवढो, तो हातान दाखवा. तोंडान नको."

मॅनेजरांचा हात थोडा वर आला, टेबलाच्या उंचीवर थांबला, मग हळूहळू खाली येत टेबलाखाली गेला. त्यांनी टायची गाठ सैल केली. पहिल्यांदा. "मला वरून कळवलं तेच मी सांगितलं," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "विमान आधी दुसऱ्या शहराच्या फेरीला पाठवलं होतं. तीन तास तिथे गेले. बर्फ होता, पण... होता म्हणण्याइतका."

मला वाटलं होतं या क्षणी मला विजय वाटेल. वाटली ती थोडी दया. त्यांनाही कुणीतरी वरून तापलेला टोप दिला होता.

"उरली पन्नास मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "त्यात लादीची किती? वहीत वेळ लिहिलेली नाही."

"मॅडम, लादी हाडलंय," नामदेवदादा म्हणाले. "टेम्पोत आसा. टाकून दाखवू?"

अख्खी बैठक गेटवर गेली. वैमानिकांची रिकामी बस मागवून मागे उभी केली. नामदेवदादांनी टेम्पो वळवला, फळकं सोडलं, लादी पडली आणि तांबड्या मातीच्या कडेपर्यंत तुकडे उडाले. मॅडमनी घड्याळावर वेळ धरली. शेवंतीबायने पदर खोचला. ती झाडत असताना सगळे शर्यत असल्यासारखे बघत होते. बाजूच्या फुटपाथवरून नुकते उतरलेले काही पर्यटक बॅगा ओढत चालले होते. ते थांबले. त्यांच्यातल्या एका जाड्या माणसाने बर्फाचा तुकडा उचलला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि असा काही सुस्कारा सोडला की बसचा ड्रायव्हरही हसायला लागला. मग दुसऱ्याने उचलला. नामदेवदादा ओरडले, "अरे, तो बांगड्यांचो! तोंडाक लावू नकात."

"दोन मिनिटं," मॅडमनी जाहीर केलं.

"तीन फूट असतो तर माका दुपार झाली असती," शेवंतीबाय म्हणाली. तिला दम लागला होता आणि ती फार खूश होती.

"मॅडम, एक सांगायचा रवला," नामदेवदादा चाचरत म्हणाले. "त्या दिसाची लादी हेच्यापेक्षा ल्हान होती."

मॅडमनी वर पाहिलं. "दीड लिहू?"

"दोन ऱ्हवांदे. फळक्याची कडी माझीच सैल होती."

मॅडमनी दोन मिनिटं लिहून घेतली, नामदेवदादांच्याच नावावर, आणि खिशातून पास काढून त्यांच्या हातात दिला. शिक्का नाही. नामदेवदादांनी तो गळ्यात घालण्याआधी शर्टाला पुसला. कार्डावर धूळही नव्हती.

मला ताकीदपत्र मिळालं, नोकरी राहिली. मॅनेजरांची आणि माझी त्यानंतर गमतीशीर मैत्री झाली. आता ते चिठ्ठी देताना आधी म्हणतात, "हे मोजलेलं आहे." नेहमी असतंच असं नाही, पण म्हणताना त्यांचे कान लाल होतात, आणि मला तेवढी सुधारणा पुरते. पत्रकं मी अजून लिहिते. पण लिहून झाल्यावर एकदा स्वतःला शोधते. बहुतेक वेळा सापडते, कुठल्यातरी ओळीच्या आड उभी.

पास मिळाला त्याच दिवशी टेम्पो आत गेला. अकरा दिवस सगळा विमानतळ डाळभातावर होता. लोडर, सफाईवाल्या, शिडीवाले, सगळे कॅन्टीनच्या भिंतीला सावलीत रांगेत उभे राहिले, इंधनवाला सगळ्यांच्या पुढे. मॅनेजरही ताट घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले. आमटी तिरफळाची होती, बांगडा ताजा, आणि नामदेवदादा स्वतः वाढत फिरत होते. "घेया, घेया, आज बर्फ कमी आसा, मासो जास्त." कुणीच लवकर उठेना. मीही नाही.

दुपारचं मुंबईचं विमान चार मिनिटं उशिरा सुटलं. हवा स्वच्छ होती, वारा बेताचा. मी टेबलावर येऊन तक्ता उघडला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आम्ही. जेवत होतो."